इझोला साक्रा : बंदराच्या वाटेवरील समाधिगृहे

रोम नगरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्या सम्राटांविषयी, तिच्या सेनापतींविषयी आणि तिच्या सिनेटातील वक्त्यांविषयी इतके लिहून ठेवले आहे की, त्या नगरीस धान्य पोहोचविणारा नावाडी, ते धान्य दळणारा गिरणीवाला, हत्यारे घडवून विकणारा लोहार आणि घरोघरी बाळंतपणे करणारी सुईण ही माणसे कशी जगत आणि मेल्यावर त्यांचे काय होई, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी मन लावून विचारलाच नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्या थोड्या ठिकाणी विस्ताराने मिळते, त्यांतील अग्रगण्य ठिकाण म्हणजे रोमच्या नैर्ऋत्येस, टायबर नदीच्या मुखापाशी असलेले इझोला साक्रा, अर्थात ‘पवित्र बेट’ होय.

हे बेट निसर्गाने निर्माण केलेले नाही. ओस्तिया हे रोमचे जुने बंदर नदीच्या गाळाने आणि उथळ पाण्याने अपुरे पडू लागले, तेव्हा क्लॉडियस सम्राटाने इ.स. ४२ मध्ये त्याच्या उत्तरेस पोर्तुस नावाच्या नव्या बंदराचे काम सुरू करविले. पुढे दुसऱ्या शतकाच्या आरंभी ट्रेजन सम्राटाने तेथे षट्कोनी आकाराची एक विशाल गोदी खणविली आणि समुद्र व टायबर यांना जोडणाऱ्या कालव्याची व्यवस्था केली. हा कालवा, टायबरचा प्रवाह आणि समुद्र यांनी वेढला गेलेला भूभाग म्हणजेच हे बेट. त्याला पवित्र म्हणण्याचा प्रघात सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस याच्या काळापर्यंत तरी मागे जातो. ओस्तिया आणि पोर्तुस यांना जोडणारा रुंद सरकारी रस्ता याच बेटावरून जात असे, आणि त्या रस्त्याच्या कडेला पोर्तुस बंदरातील रहिवाशांनी आपल्या मृतांसाठी समाधिगृहे बांधली.

मृतांची वस्ती रस्त्याकाठी असण्याचे कारण रोमन कायद्यात सापडते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेल्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात असा निर्बंध होता की, नगराच्या आत कोणाही मृतास पुरू नये आणि जाळूही नये. अपवाद फार थोडे झाले. त्यामुळे रोमन नगरात शिरणाऱ्या प्रवाशास वेशीपूर्वी मृतांच्या रांगा ओलांडूनच यावे लागे; आणि मृतांनाही ते हवेच होते, कारण आपले नाव कोणीतरी वाचावे, मोठ्याने उच्चारावे, ही त्यांची मुख्य आकांक्षा असे. थडग्यावरील कित्येक लेख वाटसरूला उद्देशून लिहिलेले आढळतात ते याचमुळे. रोमजवळच्या आप्पिया मार्गावर स्किपिओंसारख्या थोर घराण्यांनी आपली नावे कोरली; इझोला साक्रातील माणसांनी आपल्या ऐपतीप्रमाणे तेच केले.

बंदराचा ऱ्हास झाल्यावर वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूने ही समाधिगृहे छपरापर्यंत गाडली. टायबरने आणलेल्या गाळामुळे किनारा पश्चिमेकडे सरकत गेला, सभोवार दलदल माजली आणि हिवतापाच्या भीतीने तेथे कोणी वस्ती केली नाही. जी आपत्ती जिवंतांना भोवली तिनेच मृतांचे रक्षण केले. संगमरवर व विटा चोरून नेणाऱ्यांचे हात रोमजवळच्या बहुतेक स्मशानभूमींना लागले. येथे ते फारसे पोहोचले नाहीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दलदल आटवून शेतजमीन करण्याचे काम या भागात हाती घेण्यात आले, तेव्हा वाळूखालून भिंती दिसू लागल्या, आणि ओस्तियाच्या उत्खननाचे प्रमुख ग्वीदो काल्झा यांनी १९२५ ते १९४० या काळात येथे काम करून सुमारे शंभर समाधिगृहे उजेडात आणली. त्यांचा या विषयावरील बृहद्ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हिल्डिंग थिलांडर या स्वीडिश विद्वानाने या परिसरातील शिलालेखांचा संग्रह १९५२ मध्ये छापला. काल्झांच्या उत्खननाच्या काळी इटलीतील सत्ताधाऱ्यांना प्राचीन रोमचे सामर्थ्य मिरविण्याची मोठी हौस होती. अशा काळात सम्राट वा सेनानी नव्हेत अशा मुक्तदासांच्या आणि कारागिरांच्या थडग्यांवर पंधरा वर्षे खर्च करणाऱ्या काल्झांचे ऋण मानलेच पाहिजे.

ही समाधिगृहे पाहताच प्रथम मनात भरते ते त्यांचे घरासारखे रूप. विटांची नेटकी दर्शनी भिंत, वर त्रिकोणी माथा, ट्रॅव्हर्टाइन दगडाची भक्कम चौकट, तिच्या वरच्या बाजूस संगमरवरी पाटीवर कोरलेला लेख, पाटीच्या दोन्ही अंगांस उजेडासाठी अरुंद झरोके, आणि आत कमानदार छताची एकच खोली: अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी आहे. आतील भिंतींत लहान लहान कोनाडे असून प्रत्येक कोनाड्याच्या तळाशी अस्थिकुंभ बसविलेला असे. कित्येकांच्या दारापुढे, उजव्या व डाव्या हातांस, विटांचे दोन उतरते ओटे बांधलेले आहेत. नातलगांनी त्यांवर रेलून मृतांसमवेत भोजन करावे, यासाठी ते होते. काही ठिकाणी जवळच विहीर आणि भट्टीही आहे, म्हणजे जेवण तेथल्या तेथे शिजविण्याची सोय. एका समाधिगृहाच्या जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांनी दीपस्तंभ आणि त्याकडे येणारी दोन जहाजे चितारलेली असून, येथे दुःख थांबते अशा अर्थाची ग्रीक अक्षरे त्यांजवळ आहेत. बंदरात आयुष्य घालविलेल्या माणसांना मृत्यू हा किनाऱ्याला लागण्यासारखा वाटावा, हे स्वाभाविकच होते.

परंतु या स्मशानभूमीचे खरे वैशिष्ट्य दारावरच्या पाट्यांत आहे. शोकाचे उद्गार त्यांत थोडे. दस्तऐवजाचा मजकूर अधिक. समाधिगृह कोणी बांधले, स्वतःखेरीज कोणासाठी बांधले, दर्शनी रुंदी किती फूट, आत खोली किती फूट, परक्या वारसाकडे त्याचा हक्क जाणार की नाही, हे सर्व एखाद्या खरेदीखताच्या काटेकोरपणाने नमूद केलेले असते. एकाने आपल्या वाट्यातील मोकळी भिंत दुसऱ्यास दिली, तर घेणाऱ्याने तेथे स्वतःची वेगळी पाटी लावून आपल्या हिश्शात किती अस्थिकुंभ मावतात याचा आकडाही कोरून ठेवला. एका जोडप्याने आपल्या समाधिगृहात शवपेटिका आणू नये, असा स्पष्ट हुकूम दारावर घातला आहे. परका मृतदेह आत ठेवणाऱ्याने ओस्तियाच्या खजिन्यात दंड भरावा आणि खबर देणाऱ्यास त्यातील चौथा हिस्सा मिळावा, अशीही कलमे या परिसरातील लेखांत आहेत. माणसाची देहधारणा संपली तरी मालकीहक्काची काळजी संपत नाही, हे या पाट्या फार प्रामाणिकपणे सांगतात.

बहुतेक लेखांत एक वाक्यांश पुन्हापुन्हा येतो: ‘स्वतःसाठी, आपल्या मुलांसाठी, आपल्या मुक्तदासांसाठी, मुक्तदासींसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी’. रोमन घर म्हणजे रक्ताच्या नात्याचा संसार एवढाच त्याचा अर्थ नव्हता. धन्याने ज्याला दास्यातून मुक्त केले, तो धन्याचे कुलनाम धारण करी, बहुधा त्याच्याच धंद्यात राही आणि मेल्यावर त्याच्याच भिंतीतील कोनाड्यात विसावा घेई. येथे भेटणारी क्लॉडियस, फ्लेवियस, उल्पियस ही भारदस्त सम्राटकुलांची नावे, आणि त्यांच्यामागे जोडलेली ग्रीक व्यक्तिनामे, ही अशा मुक्ततेची खूण आहे. ज्याच्या आजाला कोणी बाजारात विकत घेतले असेल, त्याने स्वतःच्या पैशाने भूखंड घेऊन, त्याच्या हद्दी दगडावर कोरून, आपल्याही दासांना त्यात जागा द्यावी, हा सामाजिक प्रवास कोणत्याही सम्राटाच्या विजयवृत्तांताइतकाच लक्षणीय आहे, असे मला वाटते.

या सर्वांत एका समाधिगृहापाशी थोडे अधिक थांबणे अवश्य आहे. स्क्रिबोनिया अत्तिके नावाच्या स्त्रीने ते स्वतःसाठी, आपला पती मार्कुस उल्पियस अमेरिम्नुस याच्यासाठी, आपल्या आईसाठी, दियोक्लेस नावाच्या एका इसमासाठी आणि आपल्या मुक्तदासांसाठी बांधविले. दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीचे दोन उठावदार फलक होते. ते ओस्तियाच्या संग्रहालयात गेले. एका फलकात प्रसूत होणारी स्त्री खुर्चीवर बसली आहे, मागून एक मदतनीस तिला घट्ट धरून उभी आहे, आणि पुढे ठेंगण्या आसनावर बसलेली सुईण हात पुढे करून बाळाची वाट पाहत आहे. मात्र तिची दृष्टी त्या स्त्रीकडे नसून दुसरीकडे वळलेली आहे. त्याच काळी रोममध्ये व्यवसाय करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्याने प्रसूतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला असून, त्यात बाळंतिणीस संकोच होऊ नये म्हणून सुईणीने तिच्याकडे टक लावून पाहू नये, असा उपदेश केला आहे. ग्रंथातील नियम आणि भिंतीवरील चित्र यांचा इतका तंतोतंत मेळ प्राचीन इतिहासात क्वचितच बसतो. दुसऱ्या फलकात एक वैद्य रोग्याच्या पायावर उपचार करीत असून शेजारी त्याची हत्यारे मांडलेली आहेत. पत्नी सुईण आणि पती शल्यवैद्य असे हे कुटुंब असावे, हे उघड दिसते. शेजारपाजारच्या समाधींवरही हीच रीत आढळते: वेरियस एउहेल्पिस्तुस या लोहकाराने हत्यारांचे दुकान कोरविले आहे, तर तिबेरियस क्लॉडियस एउतिखुस याच्या थडग्यावर घोड्याने फिरवायचे जाते आणि नाव आहे. देवादिकांच्या कथा कोरविण्यापेक्षा आपला धंदा कोरविणे या लोकांना अधिक अभिमानाचे वाटले.

स्क्रिबोनियाच्या लेखात आणखी एक कलम आहे. मुक्तदासांना जागा देताना तिने पानारातुस आणि प्रोस्दोकिया या दोघांना नावे घेऊन वगळले आहे. त्यांनी काय अपराध केला, हे लेख सांगत नाही. ज्यांना जागा मिळाली त्या मुक्तदासांची नावे त्या दारावर आली नाहीत. ज्यांना हाकलले त्यांची मात्र आली.

या दारांतून मृत माणूस आत कसा येई, हे ग्रंथांवरून बरेच कळते. प्राण जाण्याच्या क्षणी जवळच्या नातलगाने ओठांनी शेवटचा श्वास टिपावा. मग सर्वांनी मृताला नावाने हाका माराव्यात. देह धुऊन, सुगंधी तेल लावून, पाय दाराकडे करून घरात ठेवावा. पाताळनदी ओलांडण्यासाठी नावाड्याचे भाडे म्हणून तोंडात नाणे घालावे. दाराशी सरूची फांदी लावून घराला सुतक असल्याची जाणीव रस्त्याला द्यावी. धनवंतांच्या अंत्ययात्रेत भाडोत्री शोक करणाऱ्या बायका आणि वादक असत, आणि ज्यांच्या पूर्वजांनी उच्च शासनपदे भूषविली त्यांच्या यात्रेत त्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे धारण केलेली माणसे चालत. चिता विझल्यावर अस्थी वेचून कुंभात ठेवीत. दहनापूर्वी बोटाचे एक पेर कापून ते निराळे मातीत पुरण्याचीही रीत होती, कारण मातीचा स्पर्श झाल्याखेरीज कुटुंब सुतकातून मुक्त होत नाही, अशी समजूत होती. ज्यास दात आलेले नाहीत अशा बालकास जाळण्याचा प्रघात नाही, असे रोमन लेखक प्लिनी याने नोंदविले आहे. नवव्या दिवशी समाधीपाशी भोजन होई आणि शोकाची पहिली मुदत संपे. पुढे दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी या दिवसांत, आपल्या पितृपंधरवड्याप्रमाणे, पितरांची तृप्ती करण्याचे पर्व असे. तेव्हा फुलांच्या माळा, भिजविलेली पोळी, धान्य आणि मीठ समाधीवर ठेवीत. मे महिन्यात मात्र असंतुष्ट मृतात्मे घरात येतात असे मानून घरधनी मध्यरात्री अनवाणी उठे आणि काळ्या घेवड्याच्या बिया मागे न पाहता टाकीत त्यांना निरोप देई.

ज्यांना समाधिगृह बांधण्याची ऐपत नव्हती त्यांनी मंडळ्या काढल्या होत्या. रोमच्या आग्नेयेस लानुवियम येथे इ.स. १३६ मधील अशा एका मंडळीचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. रोमन नाण्यांत प्रवेशास १०० सेस्तर्स आणि उत्तम मद्याचा एक कुंभ, दरमहा ५ आस वर्गणी, आणि सभासद वारल्यास ३०० सेस्तर्स, त्यांपैकी ५० चितेपाशी जमलेल्यांत वाटण्यासाठी. दासही सभासद होऊ शकत. आणि एखाद्या धन्याने दुष्टपणाने आपल्या मृत दासाचा देह देण्यास नकार दिला, तर मंडळीने त्याची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करावेत, असा नियम त्यात आहे. ज्याच्या जिवंत देहावर त्याचा स्वतःचा हक्क नव्हता, त्याच्यासाठी त्याच्या सोबत्यांनी केलेली ही तजवीज वाचून मन हेलावते.

येथील भिंती आणखी एका मोठ्या पालटाच्या साक्षी आहेत. पहिल्या शतकात रोमन मनुष्य सर्वसाधारणपणे दहन करी; रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या लेखी तीच ‘रोमन रीत’ होती. तिसऱ्या शतकापर्यंत दफन सर्वत्र रूढ झाले. इझोला साक्रात हा पालट एकाच खोलीत पाहावयास मिळतो: वरच्या ओळींत अस्थिकुंभांचे कोनाडे, खाली देह ठेवण्यासाठी रुंद कमानी, आणि पुढच्या पिढ्यांनी जागेच्या टंचाईपायी सुंदर फरसबंदी फोडून जमिनीत खणलेली थडगी. हा पालट ख्रिस्ती धर्मामुळे झाला असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. परंतु तो धर्म अल्पसंख्य असतानाच हा पालट सुरू झालेला आहे. धर्मेतिहासाचे अभ्यासक आर्थर डार्बी नॉक यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले की, या पालटामागे परलोकविषयक कल्पना बदलल्याचा पुरावा नाही आणि हा बदल मुख्यतः रूढीचा, वरच्या वर्गाच्या अनुकरणाचा आहे. एकाच छताखाली बापाचे दहन व मुलाचे दफन निर्वेधपणे झालेले पाहिल्यावर नॉक यांचा निर्णय मला मान्य करावासा वाटतो.

आतापर्यंत सांगितले ते दार आणि पाटी असलेल्यांचे. समाधिगृहांच्या मधल्या व मागच्या मोकळ्या वाळूत ज्यांना पुरले, त्यांची संख्या मोठी आहे. कोणावर कौले उतरती रचून लहानसे छप्पर केले आहे, कोणावर विटांची पेटीसारखी अर्धगोल घुमटी आहे, आणि कित्येकांच्या राखेवर केवळ एक अँफोरा, म्हणजे दोन कानांचा उंच मद्यकुंभ, रोवलेला आहे. त्या कुंभाची मान जमिनीबाहेर ठेवलेली असे. ती थडग्याची खूणही होई आणि तिच्यातून मद्य ओतले की ते खालच्या मृतापर्यंत पोहोचे. तेल-मद्याचा व्यापार करणाऱ्या बंदरात रिकामे कुंभ वाटेल तितके मिळत. याच जातीच्या पात्रांतून रोमन मद्य दख्खनपर्यंत येत असे: हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांना नेवाशाच्या उत्खननात अशा कुंभांचे तुकडे मिळाले, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्याच व्यापाराची साक्ष देते. सातवाहनांच्या नगरांत ज्याचा माल उतरला, त्याच कुंभाने पोर्तुसच्या हमालाला थडगे दिले.

या नावे नसलेल्या मृतांविषयी काल्झांच्या पिढीला फारसे सांगता आले नाही. त्या काळची दृष्टी शिलालेख, वास्तू व चित्रे यांकडे होती; हाडे ही टिपणाच्या शेवटी उल्लेखावयाची वस्तू मानली जाई. १९७० नंतर ईदा बाल्दास्सार्रे यांच्या नेतृत्वाखाली येथे पुन्हा खोदकाम झाले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. सुमारे २,००० व्यक्तींचे अस्थिशेष काळजीपूर्वक उचलून रोममधील पिगोरिनी संग्रहालयात अभ्यासासाठी नेण्यात आले. जे पाटीने सांगितले नव्हते ते हाडांनी सांगितले. कित्येक पुरुषांच्या कानाच्या पोकळीत हाडाची लहान गाठ वाढलेली आढळली. थंड पाण्याशी दीर्घकाळ संबंध आला की ती वाढते. स्त्रियांत ती नाही. सार्वजनिक स्नानगृहांतील थंड पाण्याच्या कुंडाचा हा परिणाम, असे काही विद्वान मानतात; मासेमारीचा व गोदीतील पाण्यातल्या कामाचा, असे दुसरे म्हणतात. बंदराचे स्वरूप पाहता दुसऱ्या मताकडे माझा कल आहे. एका मांडीच्या हाडावर करवतीने पाय कापल्याची खूण असून कापलेले टोक भरून आलेले आहे, म्हणजे रोगी त्या शस्त्रक्रियेनंतर जगला. ती कोणा वैद्याने केली हे सांगता यावयाचे नाही. पण स्क्रिबोनियाच्या दारावरील फलक येथे आठवल्यावाचून राहत नाही.

कॅनडातील मानवशास्त्रज्ञ ट्रेसी प्राउझ आणि त्यांचे सहकारी यांनी दातांचे रासायनिक परीक्षण केले. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. पिण्याच्या पाण्यातील प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण प्रदेशाप्रदेशांत भिन्न असते, आणि दात घडताना ते त्यात कायमचे नोंदले जाते. पहिली दाढ जन्मापासून तीनेक वर्षांत घडते, अक्कलदाढ बालपणाच्या उत्तरार्धात व किशोरवयात. दोहोंतील प्रमाण ताडून पाहिले की, मनुष्य कोठे जन्मला आणि मोठा होताना कोठे होता, याचा अंदाज येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तपासलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक रोमच्या परिसरात जन्मलेले नव्हते, आणि त्यांतील कित्येक लहान वयातच येथे आले होते, असे दिसून आले. रोमकडे येणारे स्थलांतर एकट्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांचे होते, हा जुना समज यामुळे ढासळला; मुलेबाळेही येत होती. ती आईबापांच्या बोटाला धरून आली की विक्रीसाठी जहाजात घालून आणली गेली, याचा निवाडा दात करू शकत नाहीत. अक्विताइन प्रांतातून आलेल्या गायुस अन्नेयुस अत्तिकुस या इसमाने आपल्या थडग्याला पिरॅमिडचा आकार देऊन मायदेश दगडावर नोंदविला. पण असा दगड परवडणारे थोडे होते. बालकांच्या हाडांवरून असेही कळले की, येथील माता दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मुलांचे अंगावरचे दूध सोडवीत. सोरेनसने सांगितलेली मुदत याहून थोडी कमी आहे. वैद्याचा ग्रंथ आणि आयांचा अनुभव यांत अंतर पडले, तर मी आयांच्या बाजूने बोलणाऱ्या बालकांच्या हाडांतील साक्षीला अधिक वजन देईन.

उत्खननशास्त्राला येथून मिळालेला धडा मला फार मोलाचा वाटतो. स्मशानभूमी खोदताना जो केवळ लेख वाचतो, त्याला भूखंडाचे मालक भेटतात. मालकांच्या भिंतीबाहेर झोपलेल्यांना भेटावयाचे तर हाडांची आणि दातांची लिपी शिकावी लागते, आणि पूर्वीच्या उत्खननांत टाकून दिलेल्या अस्थी परत मिळत नाहीत. म्हणून कोणत्याही देशातील पुरातत्त्व खात्याने थडग्यातील अखेरच्या तुकड्यापर्यंत सर्व काही जपले पाहिजे.

इझोला साक्राची स्मशानभूमी आजही जागेवर उभी आहे. रोमला जाणाऱ्या प्रवाशाचे विमान बहुधा फ्यूमिचीनो येथे उतरते, आणि ट्रेजनची गोदी व ही समाधिगृहे त्या विमानतळापासून अगदी थोड्या किलोमीटरांवर आहेत. कोलोसियमकडे धाव घेण्यापूर्वी वाचकाने तेथे अर्धा दिवस काढावा, आणि दारावरच्या पाट्यांबरोबरच दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेकडेही पाहावे.